शिशाच्या रांगा

घरात तिला धाकटी म्हणत. पन्नाशी उलटली, निम्मे केस पांढरे झाले, विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात स्वतःची प्रयोगशाळा झाली, तरी घरच्यांच्या तोंडी ती धाकटीच राहिली. विभागात सगळे मॅडम म्हणत आणि जरा दबकून असत, कारण कुणी मातीच्या नमुन्याला ओला हात लावला तर मॅडम त्याची चांगलीच हजेरी घेत.

खरं तर तिला व्हायचं होतं डॉक्टर. प्रवेश थोडक्यात हुकला आणि हाताशी उरला तो मातीचा अभ्यासक्रम. वडील शिंपी होते, बोलायला तिरकस. "एक पोरगी नर्स झाली, दुसरी मातीत गेली," असं ते दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. धाकटी वर्षभर फुरंगटून राहिली. मग दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला माणूसभर खोल खड्ड्यात उतरवलं आणि खड्ड्याची उभी भिंत दाखवली. वर काळपट, मग तांबूस, खाली पिवळट, मध्येच पांढऱ्या खड्यांचा पट्टा. एकेक थर कसा झाला ते प्राध्यापक सांगत गेले. बाकीची मुलं उन्हाला कंटाळून वर चढली. धाकटी खालीच राहिली, नखाने एकेक थर खरवडून बघत. तिचा रुसवा त्या खड्ड्यातच संपला.

पुढची सगळी वर्षं तिने एकाच प्रश्नात घातली: मातीत पडलेल्या धातूचं पुढे काय होतं? तो जागेवर बसून राहतो, पाण्याबरोबर खाली उतरतो, की मुळांतून वर चढतो? जस्त, कॅडमियम, शिसं. त्यातही शिसं जास्त. लग्नसमारंभात कुणी विचारलं की, मातीत एवढं बघण्यासारखं काय असतं हो, तर ती सांगायला लागे, आणि समोरचा माणूस हळूच जेवणाच्या रांगेकडे सरकायचा.

ताई तिच्याहून बरीच मोठी. आई दुकानात वडिलांबरोबर अडकलेली, त्यामुळे धाकटीच्या वेण्या ताईने घातल्या, पाढे ताईने घेतले, पहिला धपाटाही ताईनेच दिला. ताई इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती मुलगा, सून आणि चार वर्षांच्या नातवाबरोबर गावाबाहेरच्या एका वसाहतीत राहायला गेली. बैठी घरं, प्रत्येकाला चिमूटभर अंगण, मधोमध मुलांना खेळायला मैदान. नाल्याच्या पलीकडे एक कारखाना होता. जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून त्यातलं शिसं काढायचं, हा त्याचा धंदा.

एका दुपारी ताईचा फोन आला.

"पोराच्या रक्तात शिसं निघालंय," ती म्हणाली. नर्सच्या कोरड्या आवाजात बोलत होती, म्हणजे घाबरली होती. "त्याचं पोट सारखं दुखायचं म्हणून तपासलं. मग मी शेजारच्या तिघांना तपासून घ्यायला लावलं. त्यांच्यातही आहे. तो कारखाना आमच्या पोरांना खातोय, धाकटे. तू ये आणि माती मोज. आकडे दे मला, पुढचं मी बघते."

पुढचं म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती. ताई रहिवासी समितीची अध्यक्ष झाली होती. प्रदूषण मंडळासमोर सुनावणी लागली होती आणि वसाहतीच्या फाटकावर कारखान्याच्या निषेधाचा फलक चढला होता.

विभागप्रमुखांना तिने बहिणीचं नातं आधीच सांगून टाकलं. ते जरा कचरले. "मग दुसऱ्या कुणाला पाठवू या का?" तिने उपाय काढला. नमुन्यांच्या पिशव्यांवर फक्त क्रमांक घालायचे, कुठला नमुना कुठला हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर नातं लिहायचं. मोजणार होते आर्गॉनकाका. प्रयोगशाळेतलं मोठं मशीन आर्गॉन वायूवर चाले, आणि हे तंत्रज्ञ सिलिंडर संपत आल्याची भीती घालत दिवसभर फिरत, म्हणून त्यांचं ते नाव पडलं होतं. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव त्यांनी स्वतःच दाराच्या घंटीवर लिहून टाकलं होतं.

माती काढायला गेली तेव्हा ताई सगळीकडे बरोबर फिरली. गिरमिटासारखं हत्यार जमिनीत पिळून घालायचं, वर ओढायचं, वरची वीतभर माती एका पिशवीत, खालची दुसऱ्या पिशवीत. ताई पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय, "ही माझी बहीण. शिशातली मोठी तज्ज्ञ आहे. आता बघा कारखान्याची कशी तंतरते ती." धाकटीला ते आवडलंही आणि थोडं टोचलंही. "ताई, अजून काहीच कळलेलं नाही गं," ती म्हणाली. "कळायचंय काय त्यात? धुराडं इथून दिसतं," ताई म्हणाली.

माती वाळवली, चाळली, आम्लात विरघळवली, मशीनमधून काढली. शिसं भरपूर निघालं. ताईचं त्यात काही चुकलं नव्हतं. पण आकडे नकाशावर मांडल्यावर धाकटीच्या कपाळावर आठी पडली. शिसं कारखान्याच्या धुरातून येत असेल तर नाल्याजवळ ते जास्त हवं आणि दूर जाऊ तसं कमी. इथे तसा काही पत्ता नव्हता. नाल्याकाठी मध्यम, मैदानावर भयंकर, शेवटच्या घरांतही भयंकर. आणि जिथे शिसं, तिथे त्याच्या जोडीला आर्सेनिक, म्हणजे जुन्या लोकांचा सोमल, जवळजवळ ठरल्या प्रमाणात.

"मशीन बिघडलंय म्हणू नका," आर्गॉनकाका आधीच म्हणाले. "दोनदा तपासलंय."

"मशीनवर माझा विश्वास आहे, काका. मी परत माती काढायला जाते."

या खेपेला तिने मैदानावर दोरी लावून पावला-दोन पावलांवर नमुने घेतले. नवा नकाशा तयार झाला आणि ती खुर्चीतून उठून खिडकीशी गेली, परत आली, परत बघितलं. जास्त शिशाचे ठिपके रांगेत होते. सरळ, एकमेकींना समांतर रांगा, आणि रांगेतल्या दोन ठिपक्यांत सारखंच अंतर. धूर असा ओळीत पडत नाही. ओळीत झाडं लावतात.

तिने सगळ्यात गडद ठिपक्यावर खड्डा खणायला लावला. गुडघाभर खाली कुजलेल्या जाड मुळाचा काळा खुंट निघाला. त्याच्या भोवतीच्या मातीत शिसं सगळ्यात जास्त. मग जुन्या लोकांकडे चौकशी केली. वसाहतीच्या कुठल्याशा जागेवर आपल्या आजोबांच्या काळी फळबाग होती, असं एकाला पुसटसं आठवत होतं. त्या काळी फळांतली अळी मारायला शिसं आणि सोमल यांचं मिश्रण सर्रास फवारत. पानांवरून ओघळून ते झाडाखाली पडे, आणि शिसं जिथे पडतं तिथे ठाण मांडून बसतं. झाडं तोडली, जमीन सपाट केली, घरं बांधली. शिसं हललं नाही.

शेवटची खात्री तिने शिशाच्या अणूंवरून केली. शिशाचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. हलक्या-जड अणूंचं प्रमाण ज्या खाणीतून शिसं निघालं तिच्यावर ठरतं. पुढे ते वितळवा, फवारा, हवेत उडवा, प्रमाण बदलत नाही. कारखान्याच्या भिंतीवरची धूळ एका वळणाची निघाली, मैदानाची माती अगदी दुसऱ्याच. नाल्याकाठी थोडी सरमिसळ होती. बाकी वसाहतीच्या शिशाशी कारखान्याचा संबंध नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी ती ताईकडे गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या कपबशा बाजूला सारून नकाशा पसरला आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे कारखाना सुटला," शेवटी ताई म्हणाली.

"तुमच्या वसाहतीपुरता सुटला."

"लोकांना मी काय तोंड दाखवू? घरोघर फिरून सांगितलंय मी. माझी बहीण मोजतेय म्हणून सांगितलंय."

"ताई, ही चांगली बातमी आहे. धूर असता तर रोज नवं शिसं पडत राहिलं असतं. हे जुनं आहे, वाढणार नाही. वरची फूटभर माती काढायची, चांगली माती घालायची, हिरवळ लावायची. पोरं सुटतील."

"आणि सुनावणी?" ताईने नकाशा तिच्याकडे सरकवला. "निदान ती होऊ दे. मग सांग. पंधरवड्याने काय बिघडतंय?"

"पंधरवडाभर पोरं त्याच मैदानात खेळतील."

"मी नाही खेळू देणार."

"तुझ्या नातवाला नाही देणार. बाकीच्यांना कारण काय सांगशील?"

ताई उठली आणि कपबशा विसळायला लागली, स्वच्छ होत्या तरी.

सभा वाईट झाली. पहिली दहा मिनिटं लोकांनी ऐकलं, मग मागून कुणी तरी ओरडलं, "किती दिले कारखान्याने?" फळबागेवर कुणाचा विश्वास बसेना. फळबाग कुणी बघितली नव्हती, धुराडं सगळे रोज बघत होते. ताई अध्यक्षांच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. बहिणीच्या बाजूने ती बोलली नाही, विरोधातही बोलली नाही. धाकटी नकाशा गुंडाळून एकटीच बाहेर पडली, आणि त्यानंतर ताईचे फोन बंद झाले.

त्या आठवड्यात फोन आला तो कारखान्याच्या व्यवस्थापकाचा. आवाजात साखर कालवलेली.

"मॅडम, अभिनंदन! आम्ही वर्तमानपत्रात निवेदन दिलंय, वाचलंत ना? तुमची पद्धत निर्विवाद आहे असं स्पष्ट म्हटलंय. तुम्ही आमची बाजू फार उत्तम मांडलीत."

"मी बाजूबिजू मांडली नाही," धाकटी म्हणाली. "मी फक्त नाल्याच्या अलीकडचं मोजलंय. तुमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीतलं मोजायचं राहिलंय."

"तिकडे कुणाची तक्रार नाही, मॅडम."

फोन ठेवून तिने आपली वही काढली. तिला व्यवस्थापकाचा राग आला नव्हता. राग आला होता तो स्वतःचा, कारण तो म्हणत होता ते खरं होतं. तक्रार नव्हती म्हणून तीही तिकडे फिरकली नव्हती. वारा वर्षातले बहुतेक महिने नाल्याकडून मागच्या गल्लीकडे वाहतो, हे तिच्याच वहीत पहिल्या पानावर होतं.

मागच्या गल्लीत कारखान्यातलेच कामगार राहत. तिथे पाण्याची बाटली घेऊन कुणी तिच्या शेजारी उभं राहिलं नाही. दारं लोटली गेली. एक जण सरळ म्हणाला, "बाई, तुम्ही मोजून जाल, आम्हाला इथेच कामावर जायचंय." तिने जबरदस्ती केली नाही. पण ती दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशीही गेली, आणि शेवटी एका भट्टीवाल्याच्या बायकोने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. तिच्या दोन्ही पोरी फिकुटल्या होत्या आणि एकीला अक्षरं लक्षात राहत नव्हती.

"घ्या काय घ्यायचं ते," ती म्हणाली. "नवरा ओरडला तर मी बघून घेईन. अंगणातलीच हवी की घरातली धूळ पण चालेल?"

"घरातली तर आधी हवी," धाकटी म्हणाली.

त्या बाईचं बघून आणखी काही घरं उघडली. या नमुन्यांत रांगा नव्हत्या. भिंतीजवळ शिसं सगळ्यात जास्त, गल्लीच्या टोकाला कमी, अगदी पुस्तकात असावं तसं. सोबतीला सोमल नव्हता. होता अँटिमनी, जो बॅटरीतल्या शिशाला कणखर करायला घालतात. अणूंचं वळणही कारखान्याचंच. घरातल्या धुळीत तर अंगणापेक्षा जास्त होतं, कारण बाप कामाच्या कपड्यांनीच घरी येत होते. कारखान्यात कपडे बदलायला खोली नव्हती.

अहवाल मंडळाकडे गेला तशी व्यवस्थापकाने पद्धतीवरच शंका घेतली. पण त्याच पद्धतीला त्यानेच छापील निवेदनात निर्विवाद म्हणून ठेवलं होतं. पुढे ढकललेल्या सुनावणीत मंडळाच्या माणसाने ते निवेदन मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा व्यवस्थापक खिशातला रुमाल शोधायला लागला.

"साहेबांनी माती खाल्ली, मॅडम," प्रयोगशाळेत आर्गॉनकाका म्हणाले. "आणि तीही मागच्या गल्लीतली."

धाकटी हसली, पण त्या दिवसांत तिला फार हसू येत नव्हतं. ताईचं मौन तिला खुपत होतं. वसाहतीत कुणी माती काढायला घेतली नव्हती. आधी कारखान्याने कबूल करावं, असा हट्ट चालला होता.

मग एके सकाळी ताईच्या सुनेचा फोन आला. "मावशी, तुम्ही या. आमच्या अंगणापासून सुरुवात करू. आईंना काय म्हणायचं ते म्हणू देत. पोरगा माझा आहे."

धाकटी दोन मजूर घेऊन गेली. ताईने दार उघडलं नाही. ती खिडकीत बसली. अंगणातली गुलाबाची झाडं मुळासकट निघाली, वाफे गेले, काळी सुपीक माती पोत्यांत भरली जाऊ लागली. ती माती ताईने वर्षानुवर्षं शेणखत घालून केली होती. मजुरांनी कुंपणाची कड तशीच सोडून पोती बांधायला घेतली तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"ती कड कुणी काढायची? तिथेच तर तो बसून खेळतो!"

धाकटीने वर बघितलं. ताई बाहेर आली, पदर खोचला, मजुराच्या हातातलं फावडं घेतलं आणि कड खणायला लागली. थोड्या वेळाने तिला धाप लागली. धाकटीने फावडं धरलं, पण ताईने सोडलं नाही.

"तू बरोबर होतीस," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. अडाणी नाही मी. मला राग त्याचा नव्हता."

"मग?"

"तू आलीस, बसलीस, नकाशा पसरलास. पोराचं एका शब्दाने विचारलं नाहीस गं. तो आतल्या खोलीत झोपला होता. रात्रभर पोटदुखीने रडला होता."

धाकटीने खरंच विचारलं नव्हतं. नकाशा इतका स्पष्ट आला होता की तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं.

"आता कसा आहे?" तिने विचारलं.

"आता विचारतेस!" ताई म्हणाली, आणि तिला हसू आलं. "आत जाऊन बघ. साबणाने हात धुऊन जा. मी सगळ्यांना धुवायला लावते, तुला वेगळा न्याय नाही."

ताईच्या अंगणात हिरवळ लागली तशी शेजारच्या घरांनी फावडी काढली. मैदानाची माती नगरपालिकेने उचलली, कुरकुरत का होईना. पुढच्या तपासण्यांत नातवाच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं. उतरलं म्हणजे शून्य झालं नाही. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, अभ्यासाला उशिरा लागला तर रागावू नका.

कारखाना बंद झाला नाही. भट्ट्यांवर नवी झाकणं आणि धूर गाळायची यंत्रं आली, कपडे बदलायला खोली आणि अंघोळीला पाणी आलं. मागच्या गल्लीतली माती काढण्यावरून तंटा पुढे बराच काळ चालला. तो चालवला ताईने. वसाहतीच्या समितीने तिचा राजीनामा घेतला होता, तेव्हा हात मोकळेच होते. भट्टीवाल्याच्या बायकोच्या ओट्यावर बसून ती बायकांना सांगायची, अर्ज कुणाला करायचा, पोरांना कुठे तपासायचं, साहेबासमोर रडायचं नाही आणि ओरडायचंही नाही.

दर काही महिन्यांनी गल्लीतले नमुने धाकटीच्या प्रयोगशाळेत येत. ते ताई स्वतः काढायची, आणि हमखास काही तरी घोळ घालायची.

"ताई, या पिशवीवर खोली लिहिलेलीच नाहीस. मी ही कुठली धरू?"

"नेहमीचीच धर की."

"नेहमीची म्हणजे? वरची का खालची?"

"अगं, खणली तेवढी!"

"तसं चालत नाही. परत काढावी लागेल."

"मग ये आणि काढ," ताई फोनवर म्हणाली. "आणि येताना तुझं ते गिरमिट आण. माझं वाकलंय."

धाकटीने सुस्कारा टाकला, पिशवीवर रद्दची खूण केली आणि आर्गॉनकाकांना सांगितलं की उद्या ती दिवसभर बाहेर असेल.